रायफलची काडतुसे घरी पुन्हा भरण्याची सुरुवात

गोळी झाडली की काडतुसातील तीन गोष्टी संपतात. प्रायमर (बुडाशी बसवलेली, आघाताने पेटणारी छोटी टोपी) पेटून जातो, दारू जळते आणि गोळी लक्ष्याकडे निघून जाते. मागे उरते ती पितळेची पुंगळी, आणि काडतुसाच्या चार घटकांपैकी सहसा सर्वांत महाग असते ती हीच. ही पुंगळी स्वच्छ करून, दाबून मूळ मापात आणून, तिच्यात नवा प्रायमर, मोजलेली दारू आणि नवी गोळी बसवणे, याला रिलोडिंग म्हणतात. ज्याला नियम पाळता येतात आणि घाई टाळता येते त्याच्यासाठी हे काम अवघड नाही. मात्र यातील चुकीची शिक्षा लगेच मिळते, आणि ती चेहऱ्यापासून काही इंचांवर मिळते. म्हणून पुढील लेखनात कृतीबरोबर प्रत्येक टप्प्यावरची तपासणी सांगितली आहे. माझ्या मते रिलोडिंग म्हणजे मुख्यतः तपासणीच आहे. यंत्राचा दांडा ओढणे हा त्यातला सोपा भाग.

पैसे वाचतील एवढ्याच आशेने कोणी या कामाकडे वळत असेल, तर त्याने थोडे थांबून विचार करावा. आरंभीच्या साधनांचा खर्च फिटायला बराच काळ लागतो, आणि काडतूस स्वस्त पडू लागले की माणूस जास्त गोळ्या झाडतो. खरा लाभ वेगळा आहे. कारखान्याचे काडतूस त्या मापाच्या प्रत्येक रायफलमध्ये चालावे अशा बेताने बनवलेले असते. घरी भरलेले काडतूस आपल्या एकाच रायफलच्या चेंबरला, म्हणजे काडतूस बसायच्या जागेला, जुळवून घेता येते, आणि एका काडतुसापासून दुसऱ्यापर्यंतचा फरक आपल्या हाताने कमी करता येतो. नेमबाजाला लक्ष्यावरचा गोळ्यांचा पुंजका आवळायचा असतो, आणि त्या कामी याचा मोठा उपयोग होतो.

साधने घेण्याआधी कायदा पाहावा. काही देशांत हा उघड चालणारा छंद आहे, काही ठिकाणी दारू आणि प्रायमर बाळगण्यावर मर्यादा आहेत, आणि भारतासह अनेक देशांत परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हा गुन्हा आहे. रायफलचा परवाना असला म्हणजे काडतूस भरण्याची परवानगी आपोआप मिळते असे समजू नये. जिथे परवानगी नाही तिथे ही माहिती वाचण्यापुरतीच ठेवावी.

पुंगळीला काय सोसावे लागते

पुंगळीचे पितळ साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त यांचे असते. हे प्रमाण निवडण्यामागे कारण आहे. दारू पेटली की पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटली पाहिजे, म्हणजे वायू मागे नेमबाजाकडे येत नाही. आणि दाब ओसरताच ती किंचित आकसली पाहिजे, म्हणजे बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) सहज उघडतो. .३०८ विंचेस्टर या सर्वपरिचित काडतुसासाठी अमेरिकेतील सामी या मानक संस्थेने ठरवलेली दाबाची मर्यादा दर चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे. मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या हे जवळजवळ अठराशे पट होते. हा दाब पुंगळीची पातळ भिंत एकटी पेलत नाही. तिला चारी बाजूंनी चेंबरचे पोलाद आधार देते. आधार नसलेली जागा म्हणजे बुडाजवळचा थोडासा भाग, आणि म्हणून पुंगळी तपासताना नजर सर्वांत आधी बुडाकडे जायला हवी.

दर वेळी फुगणे आणि पुन्हा दाबले जाणे यामुळे पितळ दोन प्रकारे थकते. गळ्याचे, म्हणजे गोळी धरणाऱ्या अरुंद तोंडाकडचे, पितळ कडक होत जाते आणि शेवटी तिथे उभी चीर पडते. ही चीर डोळ्यांना दिसते आणि अशी पुंगळी फेकून द्यायची असते. दुसरा प्रकार जास्त घातक आहे. पुंगळी लांबीने ताणली जाते, आणि हे ताणलेले पितळ बुडाच्या थोड्या वरच्या भागातून ओढले जाते. तिथे आतून खाच पडत जाते आणि बाहेरून, बुडापासून साधारण पाच-सहा मिलिमीटर वर, एक चकचकीत वर्तुळ दिसू लागते. अशी पुंगळी पुढच्या बारात दोन तुकडे होऊन फाटू शकते. हे ओळखण्याचे साधन अगदी साधे आहे: कागदाला लावायची तारेची क्लिप सरळ करून तिचे टोक काटकोनात थोडेसे वाकवावे, ते घासून टोकदार करावे आणि पुंगळीच्या तोंडातून आत घालून भिंतीला टेकवत बुडापासून वर ओढावे. चांगल्या पुंगळीत तार गुळगुळीत सरकते. खाच असेल तर टोक तिथे अडखळते, आणि तो अडखळ एकदा बोटांना कळला की पुन्हा विसरला जात नाही.

सगळ्याच पुंगळ्या भरता येत नाहीत. ज्यांच्या कडेतच पेटणारा पदार्थ असतो त्या रिमफायर पुंगळ्या, पोलादी किंवा ॲल्युमिनियमच्या पुंगळ्या, आणि बर्डन पद्धतीच्या पुंगळ्या नवशिक्याने बाजूला ठेवाव्यात. पुंगळीच्या तोंडातून विजेरीच्या उजेडात तळाशी पाहिले असता मधोमध एकच छिद्र दिसले तर ती बॉक्सर पद्धतीची, आणि बाजूला दोन लहान छिद्रे दिसली तर बर्डन पद्धतीची. बॉक्सरचे मधले छिद्र डायमधील, म्हणजे पुंगळी दाबून मापात आणणाऱ्या पोलादी साच्यातील, पिनला जुना प्रायमर सरळ ढकलून काढू देते. बर्डनमध्ये तीच पिन मोडते. गंमत अशी की एडवर्ड बॉक्सर हे ब्रिटिश होते आणि हायरम बर्डन अमेरिकन, पण अमेरिकेत रूढ झाली ती बॉक्सर पद्धत, आणि बर्डन पद्धत युरोपात व अनेक देशांच्या लष्करी काडतुसांत रुजली.

सुरुवातीला एकाच कारखान्याच्या, आपल्याच रायफलमधून एकदा झाडलेल्या पन्नास पुंगळ्या घ्याव्यात. मैदानावर पडलेल्या अनोळखी पुंगळ्या उचलण्याचा मोह टाळावा, कारण त्या किती वेळा भरल्या गेल्या आहेत हे पितळ सांगत नाही.

साधने आणि बैठक

पहिली खरेदी यंत्राची नसून पुस्तकाची असावी. गोळी आणि दारू तयार करणारे कारखाने रिलोडिंगच्या पुस्तिका प्रसिद्ध करतात. त्यांत प्रत्येक काडतुसासाठी कोणत्या वजनाच्या गोळीमागे कोणती दारू किती ग्रेन (वजनाचे छोटे माप) घालावी याचे तक्ते असतात, आणि ते तक्ते दाब मोजून तयार केलेले असतात. अशा किमान दोन वेगवेगळ्या पुस्तिका जवळ ठेवाव्यात आणि आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत. या लेखात दारूचा एकही आकडा मुद्दाम दिलेला नाही. मित्राने सांगितलेला, फळ्यावर लिहिलेला किंवा आठवणीतला आकडा वापरायचा नसतो, हा या कामातला पहिला नियम आहे.

प्रेस एका वेळी एकच काम करणारा घ्यावा. दांडा खाली ओढला की दट्ट्या वर येतो आणि शेल होल्डरमध्ये धरलेली पुंगळी वरच्या डायमध्ये शिरते, बस, एवढेच. दर ओढीला एक तयार काडतूस देणारे प्रोग्रेसिव्ह यंत्र भुरळ घालते, पण त्यात चार-पाच क्रिया एकाच वेळी चालू असतात आणि नवख्या माणसाचे लक्ष एवढ्या ठिकाणी राहत नाही. प्रेसबरोबर आपल्या काडतुसाचा डायचा जोड लागतो: एक पुंगळी मापात आणण्यासाठी आणि दुसरा गोळी बसवण्यासाठी. याशिवाय एक दशांश ग्रेनपर्यंत वजन दाखवणारा काटा व त्याची तपासणीची वजने, बारीक मापे घेणारा कॅलिपर, पुंगळीची लांबी कापणारा ट्रिमर, तोंडाची धार घासणारे हत्यार, प्रायमर बसवणारे साधन, नरसाळे, भोके पाडलेली फळी, वंगण, आणि चुकलेले काडतूस मोडण्यासाठी हातोडीसारखा बुलेट पुलर लागतो. पुलर पहिल्याच दिवशी घ्यावा, कारण तो नसला की संशयास्पद काडतूस ‘असू दे, चालेल’ म्हणून डब्यात जाते.

मेज जड आणि भिंतीला पक्के केलेले असावे. खोलीत धूम्रपान, उघडी ज्योत, खाणेपिणे, दूरदर्शन आणि लहान मुले यांपैकी काहीही नको. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचे संयुग असते आणि झाडलेल्या पुंगळीतील काजळीतही शिसे असते. म्हणून काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत आणि मेज ओल्या फडक्याने पुसावे, कोरड्या झाडूने धूळ उडवू नये. संरक्षक चष्मा पहिल्या क्षणापासून डोळ्यांवर हवा.

दारू आणि प्रायमर साठवण्याचे नियम अनुभवी लोकही कधी कधी ढिलाईने घेतात, म्हणून ते इथेच सांगतो. दारू तिच्या मूळ डब्यातच, थंड आणि कोरड्या जागी, उष्णतेपासून दूर ठेवावी. तिला जाड लोखंडी पेटीत हवाबंद करू नये. मोकळ्या जागेत ही दारू भराभर जळते, पण घट्ट कोंडली तर दाब साचून तीच पेटी बॉम्ब होते. प्रायमर त्यांच्या मूळ खोक्यातच राहू द्यावेत. त्या खोक्यातील कप्पे एकाचा स्फोट दुसऱ्यापर्यंत पोहोचू नये म्हणून असतात, आणि काचेच्या बरणीत ओतलेले शेकडो प्रायमर एकदम उडू शकतात. प्रायमर आणि दारू एकमेकांपासून वेगळ्या ठिकाणी ठेवावेत. दारूच्या डब्यातून आंबट, आम्लासारखा वास आला किंवा तपकिरी-लाल वाफ दिसली, तर ती दारू बिघडली आहे आणि वापरण्याजोगी नाही.

पुंगळी मापात आणणे

आधी पुंगळ्या पुसून किंवा अक्रोडाच्या टरफलाच्या भुशात घोळवून स्वच्छ कराव्यात. चकाकी महत्त्वाची नाही. डायला ओरखडे पाडणारी रेती निघाली की पुरे.

मग वंगण. पितळ पोलादी डायमध्ये मोठ्या जोराने घुसते, आणि वंगणाशिवाय ते तिथे अडकते. माझी पहिली अडकलेली पुंगळी अजून आठवते: दांडा अर्ध्यावर जड झाला, मी थांबण्याऐवजी वजन टाकून तो पुरा ओढला, आणि परत वर घेताना शेल होल्डरने पुंगळीची कड तोडून आणली, उरलेली पुंगळी डायमध्येच बसली. ती काढण्यासाठी बुडाला भोक पाडून, आटे पाडून, स्क्रू लावून ओढावी लागली आणि अख्खी संध्याकाळ गेली. दांडा जड वाटला की थांबावे, पुंगळी मागे घ्यावी आणि पुन्हा वंगण लावावे. उलट वंगण फार झाले तर ते डायमध्ये साचते आणि पुंगळीच्या खांद्यावर, म्हणजे गळ्याखालच्या उतारावर, पोचे पडतात. दोन बोटांवर वंगणाचा नुसता ओलसर थर घेऊन पुंगळी त्यांच्यामध्ये फिरवावी, बुडाकडच्या भागाकडे थोडे जास्त लक्ष द्यावे, आणि गळ्याच्या आतून ब्रशचा हलका हात फिरवावा. खांद्यावर वंगण नको.

डाय किती खाली बसवायचा, हा या टप्प्यातला खरा प्रश्न आहे. डायबरोबर आलेली सूचना सहसा असे सांगते की शेल होल्डरला टेकेपर्यंत डाय फिरवावा आणि वर आणखी थोडा आवळावा. त्याने काडतूस नक्की चेंबरमध्ये बसते, पण पुष्कळदा खांदा गरजेपेक्षा जास्त मागे ढकलला जातो. मग प्रत्येक बारात पितळ तेवढे अंतर भरून काढण्यासाठी ताणले जाते, आणि वर सांगितलेले चकचकीत वर्तुळ तीन-चार भरण्यांतच दिसू लागते. बोल्ट ॲक्शन, म्हणजे हाताने बोल्ट मागेपुढे करायच्या, रायफलसाठी खांदा झाडलेल्या पुंगळीपेक्षा साधारण ०.०५ मिलिमीटर, म्हणजे इंचाचे दोन हजारांश, मागे सरकवणे पुरेसे असते. हे मोजण्यासाठी कॅलिपरला लावायचे खांद्याचे माप मिळते. ते साधन स्वस्त आहे आणि पुंगळ्यांचे आयुष्य वाढवते. स्वयंचलित भरणाऱ्या रायफलला थोडी जास्त मोकळीक लागते.

मापात आणताना डायमधली पिन जुना प्रायमर पाडते आणि परत येताना त्या पिनच्या दांड्यावरचा पोलादी मणी गळ्यातून जाऊन गळ्याचे आतले माप नीट करतो. ही क्रिया झाल्यावरच लांबी मोजावी, कारण दाबल्यामुळे पितळ पुढे सरकते आणि पुंगळी लांब होते. .३०८ विंचेस्टरच्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच, म्हणजे ५१.१८ मिलिमीटर आहे, आणि कापून ती २.००५ इंचावर, म्हणजे ५०.९३ मिलिमीटरवर आणण्याचा प्रघात आहे. हा फरक पाव मिलिमीटर आहे, आणि तो क्षुल्लक मानणे चुकीचे आहे. लांबलेल्या पुंगळीचे तोंड चेंबरच्या टोकाशी घुसून गोळीभोवती आवळले जाते. गोळी सुटायला उशीर होतो आणि दाब धोकादायक चढतो. कापल्यावर तोंडाची आतली व बाहेरची धार हलक्या हाताने घासावी, नाहीतर नव्या गोळीचे तांब्याचे आवरण सोलले जाते. शेवटी वंगण पूर्ण पुसून काढावे.

प्रायमर

रायफलचे प्रायमर दोन आकारांत येतात: मोठा ०.२१० इंच आणि लहान ०.१७५ इंच व्यासाचा. पिस्तुलाचे प्रायमर व्यासाने तेवढेच असतात, म्हणून ते चुकून वापरले जाण्याचा संभव असतो. पण त्यांचे कप पातळ असतात आणि पिस्तुलाचा मोठा प्रायमर उंचीनेही कमी असतो. पुस्तिकेत जो प्रकार लिहिला असेल तोच घ्यावा. मॅग्नम, म्हणजे जास्त जोराने पेटणारा, प्रायमर सांगितला नसताना तो वापरला तर दाब वाढतो.

प्रायमर खळग्याच्या तळाला पूर्ण टेकला पाहिजे आणि बुडाच्या पृष्ठभागापेक्षा किंचित आत, ०.०८ ते ०.१३ मिलिमीटर खोल बसला पाहिजे. हातात धरायच्या साधनाने हे काम उत्तम होते, कारण प्रायमर तळाला लागल्याचे बोटांना जाणवते. बसवल्यावर प्रत्येक पुंगळीच्या बुडावरून बोट फिरवावे. प्रायमर वर आलेला असेल तर तो लगेच लागतो. वर राहिलेला प्रायमर बोल्ट बंद होताना उडू शकतो, किंवा पहिल्या आघातात नुसता खाली बसून पेटतच नाही. जिवंत प्रायमर ठोकून काढण्याचा प्रयत्न करू नये.

दारूचे मोजमाप

फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये धूररहित दारू तयार केली, आणि काळ्या दारूचे युग तिथून मावळू लागले. काळी दारू फार बारकाईने मोजली नाही तरी चालून जाई. धूररहित दारूत तसे चालत नाही. तिच्या कणांचा आकार, त्यांतील छिद्र आणि त्यांवरचा लेप यांवरून ती किती वेगाने जळेल हे ठरते, आणि दिसायला सारख्या दोन दारूंचा वेग अगदी वेगळा असू शकतो. नावांवरूनही फसगत होते. आयएमआर ४८३१ आणि एच ४८३१ या दोन दारूंचा क्रमांक एक आहे, पण पहिली दुसरीपेक्षा जलद जळते. एकीचा भार, म्हणजे काडतुसात घालायचे दारूचे वजन, दुसरीसाठी वापरला तर दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. म्हणून मेजावर एका वेळी दारूचा एकच डबा असावा, त्याचे नाव मोठ्याने वाचून पुस्तिकेतील नावाशी जुळवावे, आणि काम संपताच मापकातील उरलेली दारू त्याच डब्यात परत ओतावी. कोणत्या डब्यातली आहे हे आठवत नसलेली दारू टाकून द्यायची असते. दोन दारू कधीही मिसळायच्या नसतात.

ग्रेन हे वजनाचे जुने माप आहे. एका पौंडात ७,००० ग्रेन बसतात आणि एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. काट्याने एक दशांश ग्रेन दाखवायचा, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅमचा फरक ओळखायचा, हे लक्षात घेतले की काट्याभोवती एवढी काळजी का घेतात हे कळते. इलेक्ट्रॉनिक काटा वापरण्याआधी अर्धा तास चालू ठेवावा, तपासणीच्या वजनाने जुळवावा आणि दर दहा-पंधरा मोजण्यांनंतर पुन्हा तपासावा. एका उन्हाळ्यात माझ्या काट्याचे आकडे सारखे दोन-तीन दशांशांनी डुलत होते. काटा बिघडला असे मानून मी तो बांधून ठेवायला निघालो, तेव्हा छताचा पंखा चालू असल्याचे ध्यानात आले. पंखा बंद केला आणि आकडा स्थिरावला. मोबाइल फोनही काट्याजवळ ठेवू नये.

पुस्तिकेत प्रत्येक दारूसमोर एक सुरुवातीचा आणि एक कमाल भार दिलेला असतो. आरंभ नेहमी सुरुवातीच्या भारापासून करावा. पुंगळी, प्रायमर, गोळी किंवा दारूचा नवा डबा यांपैकी काहीही बदलले तर पुन्हा सुरुवातीच्या भारावर यावे. लष्करी पुंगळ्यांचे पितळ अनेकदा जाड असते, त्यामुळे आतली जागा कमी होते आणि तेवढ्याच दारूने जास्त दाब निर्माण होतो. दुसऱ्या बाजूला, सुरुवातीच्या भारापेक्षाही कमी दारू घालणे सुरक्षित आहे असे समजू नये. संथ जळणारी दारू फार कमी घातली तर ती अनियमित पेटते आणि रायफल फुटण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

प्रायमर बसवलेल्या पुंगळ्या फळीच्या भोकांत तोंड खाली करून ठेवाव्यात. एक उचलावी, तिच्यात वजन केलेली दारू नरसाळ्याने घालावी आणि तोंड वर करून फळीच्या दुसऱ्या बाजूला ठेवावी. अशाने भरलेली आणि रिकामी यांची सरमिसळ होत नाही. सर्व भरून झाल्यावर फळी विजेरीच्या उजेडात तिरपी धरून प्रत्येक पुंगळीत पाहावे: दारूची पातळी सर्वत्र सारखी दिसली पाहिजे. एखादी जास्त भरलेली किंवा रिकामी असेल तर ती इथे सापडते, आणि गोळी बसल्यावर ती कधीच सापडत नाही. हे पाहिल्याशिवाय एकही गोळी बसवू नये. मध्येच कोणी हाक मारली तर हातातली पुंगळी डब्यात रिकामी करून उठावे, आणि परत आल्यावर तिच्यापासून सुरू करावे.

गोळी बसवणे

डाय जुळवण्यासाठी आधी प्रायमर आणि दारू नसलेले एक नमुना काडतूस तयार करावे. गोळी थोडी थोडी खाली घेत कॅलिपरने एकूण लांबी मोजत जावे, आणि पुस्तिकेत त्या गोळीसाठी दिलेल्या लांबीवर थांबावे. .३०८ विंचेस्टरसाठी कमाल एकूण लांबी २.८१० इंच, म्हणजे ७१.३७ मिलिमीटर आहे. हा नमुना मॅगझिनमध्ये, म्हणजे रायफलच्या काडतुसे साठवणाऱ्या भागात, बसतो का आणि चेंबरमध्ये बोल्ट विनासायास बंद होतो का, हे पाहावे. गोळी नळीतल्या पिळाच्या खाचांना टेकत असेल तर तिच्यावर खाचांचे ठसे उमटतात. तसे झाल्यास ती अधिक आत घ्यावी, कारण टेकलेली गोळी सुटताना दाब एकदम वाढवते. अनुभवी नेमबाज हे अंतर बदलून अचूकता शोधतात. नवशिक्याने ते पुढच्या वर्षासाठी ठेवावे.

क्रिंप, म्हणजे पुंगळीचे तोंड गोळीवर आवळणे, बोल्ट ॲक्शनमध्ये सहसा लागत नाही. नळीसारख्या मॅगझिनच्या रायफलमध्ये तो लागतो, आणि अशा रायफलमध्ये टोकदार कडक गोळी वापरायची नसते, कारण एका काडतुसाचे टोक पुढच्याच्या प्रायमरवर टेकलेले असते.

तयार काडतुसे पुसून खोक्यात ठेवावीत आणि खोक्यावर तारीख, पुंगळीचा कारखाना व ती कितव्यांदा भरली, प्रायमर, दारूचे नाव व भार, गोळीचे वजन आणि एकूण लांबी लिहावी. चिठ्ठी नसलेले खोके महिनाभरात अनोळखी होते, आणि अनोळखी काडतूस मोडायचेच असते.

मैदानावर

पहिल्या खेपेला पन्नासही काडतुसे भरू नयेत. सुरुवातीच्या भाराची पाच, आणि त्यावर पुस्तिकेच्या मर्यादेत थोडा थोडा भार वाढवून आणखी पाच-पाच, एवढी पंधरा पुरेत. कमी भारापासून वर जावे आणि प्रत्येक बारानंतर पुंगळी हातात घेऊन पाहावी. बोल्ट उघडायला जड जाणे, प्रायमर सपाट होऊन त्याच्या कडा खळग्यात पसरणे, प्रायमरवर आघात करणाऱ्या फायरिंग पिनच्या खुणेभोवती कड उभी राहणे, बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा उमटणे, ही जास्त दाबाची लक्षणे आहेत. यांपैकी एकही दिसले की त्या आणि त्यावरच्या भाराची काडतुसे झाडू नयेत. ती घरी आणून पुलरने मोडावीत. पण लक्षणे दिसली नाहीत म्हणजे दाब सुरक्षित आहे असा उलटा अर्थ काढता येत नाही, कारण पुष्कळदा मर्यादा ओलांडल्यानंतरच पितळ बोलते. म्हणून पुस्तिकेच्या कमाल आकड्यापुढे जायचे नाही. जवळ क्रोनोग्राफ असेल तर गोळीचा वेग नोंदवावा. पुस्तिकेत त्या भारासाठी दिलेल्या वेगापेक्षा तो बराच जास्त आला, तर दाबही जास्त आहे.

चाप ओढल्यावर बार झाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच रोखून किमान अर्धा मिनिट थांबावे आणि मगच बोल्ट उघडावा, कारण कधी कधी प्रायमर उशिरा पेटतो. आवाज नेहमीपेक्षा दबका आला किंवा धक्का कमी जाणवला, तर पुढचे काडतूस मुळीच भरू नये. दारू नसलेल्या काडतुसात नुसता प्रायमर गोळीला नळीत ढकलतो आणि ती तिथेच अडकते. तिच्यामागे दुसरी गोळी झाडली की नळी फुटते. रायफल रिकामी करावी, बोल्ट काढावा आणि मागच्या बाजूने नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहावे.

घरी आल्यावर वहीत भार, पुंजक्याचा आकार आणि पुंगळ्यांची अवस्था लिहावी आणि त्या पन्नासांचा गट एकत्रच ठेवावा, म्हणजे प्रत्येकीच्या भरण्यांची संख्या सारखी राहील. पुढच्या वेळी प्रायमर बसवताना एखाद्या पुंगळीत तो अडथळ्याशिवाय सहज सरकला, तर तिचा खळगा सैल झाला आहे आणि ती पुन्हा दाब धरणार नाही. अशा पुंगळीचे तोंड पकडीने चपटे करून तिला भंगारात टाकावे, म्हणजे ती चुकूनही पुन्हा फळीवर येणार नाही.